गडाचा घेरा आणि पाण्याचा काठ

भोर आणि वेल्हे या तालुक्यांना समुद्र नाही. पण त्यांना काठ आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण झाले आणि डोंगरांच्या कुशीत, खोऱ्याखोऱ्यांत शिरलेला एक लांबट जलाशय तयार झाला. पावसाळ्यात त्याचे पाणी रानाच्या मुळांपर्यंत चढते. उन्हाळ्यात ते मागे सरते आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो. कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असते. मे-जूनच्या सुमारास ते बाहेर येते आणि लोक ते पाहायला जातात. वर राजगड आणि तोरणा, उतारावर रान, खाली पाणी आणि पाण्याखाली एकेकाळची वहिवाट! निसर्ग आणि माणसाचा इतिहास एकमेकांवर थरांनी कसे बसतात हे पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यात याहून चांगली जागा सापडणे कठीण.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सागराशी नाते सांगणारे किल्ले आहेत, दूर तमिळनाडूतला जिंजी आहे आणि आपला राजगडही आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हेच नाव देण्यात आले आहे. या गौरवाचा आनंद मानण्यात काहीच गैर नाही. परंतु वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्यांच्या वाडवडिलांनी या गडांचा घेरा राखला, गावांची शीव राखली आणि ज्यांना याच मुलुखात पाण्याच्या काठावर उभे राहण्याचा हक्क नव्हता, त्यांचे या वारशात काय? या लेखात हा प्रश्न भावनेने न सोडवता, थर एकेक उलगडून पाहायचा आहे.

पहिला थर रानाचा. राजगड-तोरण्याच्या उतारांवर हिरडा, जांभूळ, अंजन, करवंदाच्या जाळ्या आणि कारवी आहे. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि तेव्हा डोंगर निळे-जांभळे होतात. गावोगाव देवराया आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून शहाण्या माणसांना त्यांचे मोल कळू लागले. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालत नाही, म्हणून जुनी झाडे टिकली, हे खरेच आहे. पण रान म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा, ही समजूत शहरातून येणाऱ्याची आहे. रानातून लाकडाची मोळी कोणाच्या डोक्यावरून चावडीवर जात होती? गावात अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला सरपण पुरवणे हे महाराच्या कामांपैकी एक काम होते. रानाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस रानाचा मालक कधीच नव्हता. रानाच्या इतिहासात हीही नोंद हवी.

दुसरा थर दगडात कोरलेला आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या वाटा या मुलुखातून जातात. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. वेल्ह्याच्या केळद गावाजवळून मढे घाट त्याच बाजूला उतरतो. सावित्री नदीवरचे महाड हे जुने बंदर. समुद्रावरून आलेला माल आणि मीठ असल्याच घाटांनी वर चढत असे. आता या वाटेची दोन टोके पाहा. खाली महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. वर देशावर, नीरेच्या काठी, शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. शिरवळची लेणी अगदी साधी. कोरीव कामाचा थाट नाही, भिक्खूंना वर्षावासात राहता येईल अशा खोल्या. व्यापारी तांडे आणि भिक्खू एकाच वाटेने चालत, हे पश्चिम भारतातल्या लेण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे या डोंगरात गड उभे राहण्याच्या शेकडो वर्षे आधी, माणसामाणसांत विटाळ न मानणाऱ्या एका धम्माची वस्ती या वाटेवर होती. पुढे लोकांनी तिला पांडवांची लेणी म्हटले आणि मूळ रहिवाशांचे नाव पुसले गेले. नाव पुसले जाण्याची ही रीत लक्षात ठेवावी. ती पुढच्या प्रत्येक थरात भेटणार आहे.

तिसरा थर गडाचा. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजगड उभारला आणि रायगडावर राजधानी जाईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे राज्याचा कारभार येथून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. जे बारा राहिले त्यांत राजगड आणि तोरणा होते. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म याच गडावरचा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला ही रचना पाहून आजही स्थापत्यकार थक्क होतात. हे सारे क्रमिक पुस्तकांत आहे आणि असायलाही हवे.

परंतु गड म्हणजे केवळ तटाच्या आतली जागा नव्हे. तटाखालचे रान, त्यातल्या वाटा आणि चौक्या मिळून गडाचा घेरा होत असे. ‘घेरा सिंहगड’, ‘घेरा पुरंदर’ ही नावे आजही महसुली दफ्तरात गावांची नावे म्हणून आहेत. या घेऱ्यात मेटे असत, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या. सभासदाची बखर आपल्याला गडावरचे हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस सांगते. घेऱ्यातली माणसे मात्र ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात भेटतात. गडाच्या शिबंदीत ब्राह्मण आणि मराठे यांच्याबरोबर रामोशी, महार आणि मांग असत. या सर्वांना मिळून गडकरी म्हणत. त्यांच्या पोटापाण्यासाठी गडाखालच्या जमिनी वंशपरंपरेने तोडून दिलेल्या असत, असे तो सांगतो. आणि कामाची वाटणी अशी, की बाहेरच्या चौक्या रामोशी आणि महारांकडे. चाहूल घेणे, बातमी काढणे, परक्याला वाट चुकवणे ही त्यांची कामे.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शत्रू आला तर त्याची गाठ सर्वांत आधी पडायची ती घेऱ्यातल्या माणसाशी. तटाच्या आत असलेल्याला तटाचा आधार होता; बाहेरच्याला फक्त रानाचा आणि स्वतःच्या कानांचा. ज्याच्यावर गडाचा जीव विसंबून ठेवला, त्याला विश्वासाच्या बाबतीत अगदी जवळ मानले होते आणि शिवाशिवीच्या बाबतीत अगदी दूर. गावातही हीच मांडणी होती. वेशीचा पहारा वेसकराकडे आणि वेसकराचे घर वेशीबाहेर. जातिव्यवस्थेने माणसाला कडेला लोटले आणि मग कडा राखण्याचे काम त्याच्याच गळ्यात घातले. गड आणि गाव यांच्यात या बाबतीत फरक नाही.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांना डोंगरी किल्ले नकोच होते. त्यांनी तट पाडले, वाटा उद्ध्वस्त केल्या आणि घेरा राखणाऱ्यांचा रोजगार गेला. पुरंदरच्या पायथ्याचा उमाजी नाईक बंड करून उठला त्यामागे हे कारण होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिले. पुढे इंग्रजी राज्याने अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कालचा पहारेकरी आज चोर ठरला. किल्ल्यांच्या पडझडीबद्दल आपण हळहळतो, तेव्हा माणसांच्या या पडझडीबद्दलही हळहळले पाहिजे.

भोरची गोष्ट मात्र थोडी वेगळी. येथे पंतसचिवांचे संस्थान टिकले. १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळी त्याचे क्षेत्र ९२५ चौरस मैल आणि लोकसंख्या १,३७,२६८ होती. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या संस्थानाचे तालुके गडांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, राजगड आणि कोकणातला सुधागड. राजगड हे तालुक्याचे नाव म्हणूनही जुनेच आहे! ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले.

संस्थान टिकले याचा अर्थ वतनही टिकले. महाराचे वतन म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. गावाची आणि सरकारची वाटेल ती कामे अष्टौप्रहर करायची, सांगावा पोचवायचा, मेलेली जनावरे ओढायची, आणि मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा एखादा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते घ्यायचे. जमीन साऱ्या भावकीची सामाईक. घरे वाढत गेली आणि वाटा वितीवर आला. तरीही या माणसाजवळ एक अधिकार होता, ज्याची आठवण आज कोणी ठेवत नाही. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. गावाची हद्द कोणत्या ओढ्यापासून कोणत्या झाडापर्यंत, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ असे. गावाचा नकाशा कागदावर येण्यापूर्वी तो महाराच्या डोक्यात होता.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी आणि महारांना या गुलामीतून सुटता यावे, असा त्यांचा रोख होता. वतन म्हणजे मान, असे समजणाऱ्या आपल्याच लोकांनाही त्यांना समजावून सांगावे लागले. पण मुंबई कौन्सिलाचा कायदा झाला असता तरी संस्थानी हद्दीत तो चालला नसता. भोरच्या डोंगरातल्या माणसाला दोन तट ओलांडायचे होते, एक जातीचा आणि एक संस्थानाचा. अखेर कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. जमिनी परत मिळाल्या त्या भोगवट्याचे पैसे भरून आणि नव्या, अविभाज्य शर्तीवर. ज्यांना तेवढे पैसे जमले नाहीत आणि ज्यांना नोटीस वाचता आली नाही, त्यांचे काय झाले हे गावोगावच्या फेरफाराच्या नोंदींत दडलेले आहे.

आता चौथा थर, पाण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नीरेच्या खोऱ्यातल्या दुष्काळावर उपाय म्हणून, भाटघरला पहिले धरण झाले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचे नाव दिले गेले. १९२७-२८ च्या सुमारास तेथे मोठे धरण पुरे झाले. त्याला लॉईड या गव्हर्नरचे नाव मिळाले. आज जलाशयाला भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी येथे साठते आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. तिकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, राजकारण उभे राहिले. ज्या खोऱ्यात पाणी अडले, तेथली माणसे मुंबई-पुण्याला हमाली आणि गिरणी गाठत राहिली. वेल्हे तालुक्यातल्या पानशेतचेही तसेच. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले आणि पुणे वाहून गेले, हे सर्वांना आठवते. त्या धरणासाठी आधी कोणाची घरे उठली हे आठवणारे थोडे.

धरणग्रस्तांतही सारे सारखे नसतात. भरपाई सातबारा पाहून मिळते. ज्याच्या नावावर दहा एकर त्याचे नुकसान मोजता येते. ज्याचा वाटा सामाईक वतनात होता, किंवा ज्याचे जगणे खळ्यावरच्या बलुत्यावर, गावच्या रानावर आणि नदीच्या गाळावर होते, त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? बुडालेले देऊळ वर्षातून एकदा वर येते, त्याचे फोटो छापून येतात. देवळापासून दूर, खालच्या अंगाला असलेल्या कुडाच्या घरांना दगडी पाया नव्हता. पाणी ओसरल्यावर दाखवायला त्यांचे काही उरलेले नाही. इतिहासाची साधने ज्यांच्याजवळ दगडाची होती त्यांचा इतिहास टिकला, ही साधी गोष्ट या काठावर जितकी स्पष्ट दिसते तितकी ग्रंथालयात दिसत नाही.

आणि येथे सालांचा एक योग ध्यानात घ्यावा. भाटघरचे मोठे धरण पुरे होत होते जवळपास त्याच सुमारास, २० मार्च १९२७ रोजी, वरंधा घाटाच्या खाली महाडला हजारो अस्पृश्य ओळीने चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. घाटाच्या वर पाणी अब्जावधी घनफुटांत मोजले जात होते. घाटाच्या खाली माणूस ओंजळीसाठी डोकी फोडून घेत होता. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, सत्याग्रह १९२७ चा आणि तळ्यावरचा हक्क मान्य करणारा हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. पाणी अडवायला अभियंते लागतात. पाणी मोकळे करायला चौदा वर्षे लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली. मनुस्मृतीचे दहन झाले. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दोन ठिकाणी गेले : महाडजवळची बौद्ध लेणी आणि रायगड. या भेटीकडे आपण सहल म्हणून पाहू नये. ज्यांच्याकडून इतिहास हिरावून घेतला होता त्यांचा पुढारी, लढ्याच्या ऐन गर्दीतून वेळ काढून, लेण्यात आणि गडावर जातो, म्हणजे या दोन्ही थरांवर आपला दावा सांगतो. लेण्यांतला समतेचा वारसा त्याला हवा आहे आणि गडावरचा राज्यकर्तेपणाचा वारसाही हवा आहे.

दुसरी भेट १९३४ सालची, दौलताबादची. स्वतः बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली आहे. तीसएक कार्यकर्त्यांसह ते किल्ला पाहायला गेले. प्रवासाने धुळीने माखलेल्या काहींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि तळे बाटवले म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. अखेर आत जाऊ दिले ते किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला एक शिपाई बरोबर देऊन. हिंदूच्या लेखी अस्पृश्य असलेला माणूस इतरांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. आपल्या विषयापुरता आणखी एक निष्कर्ष निघतो. गड पाहण्याचा हक्क आणि गडावरचे पाणी पिण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क होते. पहिला तिकिटाने मिळतो, दुसरा लढून मिळवावा लागला.

म्हणून आमच्या कॉलेजची मुले राजगडावर येतात आणि पद्मावती तलावाच्या काठावर डबे सोडून बसतात, तेव्हा मला ती गोष्ट लहान वाटत नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. या मुलांतही बरीचशी तशीच. कोण कोणाच्या बाटलीतले पाणी पितो, हे तेथे कोणी पाहत नाही. संजीवनी माचीवरून खाली भाटघरचे पाणी दाखवत असताना एका मुलीने विचारले, ‘सर, राजे इथे राहायचे, सदर इथे भरायची. मग आपली माणसं कुठे असायची?’ मी तिला तटाखालचे रान दाखवले. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. गडावर पाहण्यासारखे म्हणून जे दाखवले जाते, त्यात ते रान नसते.

ते असायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. जागतिक वारसा म्हणून राजगडाची आता नव्याने माहिती लिहिली जाईल, वाटाडे तयार केले जातील, नकाशे छापले जातील. त्या नकाशात मेटे दाखवावीत. घेरा राखणाऱ्या जातिजमातींची नावे लिहावीत. शिरवळची लेणी, राजगड, भाटघर, वरंधा आणि महाड ही एकाच वाटेवरची ठाणी आहेत, असे सांगणारी सहल आखता येईल. आणि हे सारे सरकारवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, इनाम कमिशनचे कागद आहेत. तालुक्याच्या कचेऱ्यांत वतनाच्या आणि फेरफाराच्या नोंदी आहेत. मोडी वाचणारी आपली दहा मुले तयार झाली तर भोर-वेल्ह्याच्या घेऱ्याचा इतिहास कागदावर येईल.

घाई यासाठी, की खुणा झपाट्याने जात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. अपमानाची पाटी दारावर कोणी का वागवावी? पण पाटी बदलताना तिच्यामागची जागा, ती गावाच्या कोणत्या दिशेला होती, तिची विहीर कोठे होती, हाडकीचा तुकडा कोणता, एवढे तरी टिपून ठेवले पाहिजे. शिवेची साक्ष देणारी शेवटची म्हातारी माणसे अजून काही वाड्यांत आहेत. तंटे मिटवण्यासाठी एके काळी गाव त्यांच्या वाडवडिलांच्या शब्दावर विसंबत होते. इतिहास लिहिण्यासाठी त्यांचा शब्द आता आपण मागायला गेले पाहिजे.